आधी सगळ्या खिडक्या बंद करा

३ फेब्रुवारी

दादा,

हा पत्ता सात वर्षांपूर्वीच्या पाकिटावरचा आहे. माझ्या लग्नाला येत नाही हे कळवायला तू दोन ओळी पाठवल्या होत्यास, ते पाकीट. तू अजून तिथेच राहतोस की नाही, देव जाणे. तू ये म्हणून मी लिहीत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पुढचं वाचशील.

बाबांना बारा जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास दुकानातच झटका आला. फिटरकाका शेजारी होते म्हणून निभावलं. आता घरी आणलंय. उजवा हात उचलत नाही आणि बोलणं गेलंय. डॉक्टर म्हणतात त्यांना सगळं समजतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. तसे शब्द ते पूर्वीही मोजूनमापूनच काढायचे, पण तेव्हा ती त्यांची मर्जी होती. आता तोंड उघडतात, नुसतं ‘त त’ होतं, आणि मग ते माझ्यावरच चिडतात.

मी शाळेतून रजा घेऊन आले आहे. अठ्ठावीस तारखेपासून दुकान मी उघडते. वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं काम फिटरकाका बघतात, मी टेबलावर बसते. फळीवर बेचाळीस काटे तपासणीसाठी रांगेत उभे आहेत आणि त्यांच्यासाठी वजनमापं कार्यालयाची वेळ घ्यायची ती कॉम्प्युटरवरून. तिथेच माझी गाडी अडली आहे.

पडद्यावर ‘दुकान’ नावाचं एक चिन्ह आहे. घर सोडायच्या आधी तूच ते करून ठेवलं होतंस असं फिटरकाका म्हणतात. मशीन मधे एकदा बदललं, पण शेजारच्या दुकानातल्या झेरॉक्सवालीने ते जुन्यावरून उचलून नव्यावर जसंच्या तसं ठेवलं. ते दाबलं की एक काळी खिडकी क्षणभर चमकते, मग ब्राउझर उघडतो आणि त्यात चार पानं एकदम. पहिलं सुटे भाग मागवायचं, दुसरं वजनमापं कार्यालयाचं, तिसरं पार्सल कुठवर आलं ते बघायचं, आणि चौथं पांढरंफटक, मधोमध बारीक अक्षरात एकच शब्द: पोहोचलं.

काय पोहोचलं, कुठे पोहोचलं, काही पत्ता नाही.

पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे. कार्यालयाचं पान कधी नीट चालतं आणि कधी म्हणतं, ‘हा ब्राउझर ओळखता येत नाही’. मशीन तेच, चिन्ह तेच, दाबणारी मी तीच. सोमवारी सकाळी नाही, सोमवारी दुपारी हो. मंगळवारी सकाळी पुन्हा नाही. मी मशीन बंद करून चालू केलं, वायरी काढून लावल्या, फिटरकाकांनी अडकलेल्या काट्याला मारतात तशा दोन चापट्याही मारून पाहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा तू काय करून ठेवलंयस ते दोन ओळींत कळव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

आणखी एक. बाबा रोज सकाळी दहा वाजता अस्वस्थ होतात. डाव्या हाताचं बोट चादरीवर आपटत राहतात आणि दाराकडे बघतात. पाणी देऊन झालं, खिडकी उघडून झाली, रेडिओ लावून झाला. काहीच नको असतं. अकरा वाजले की थकून झोपतात. त्यांना काय हवंय ते मला कळत नाही आणि त्यांना सांगता येत नाही, आणि हे असंच चालू राहिलं तर आम्हा दोघांपैकी कोण आधी वेडं होईल सांगता येत नाही. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखायचास. तुला काही सुचतं का?

तुझी
टिटवी

११ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. हरकत नाही, तुझ्यावाचून सुटलं. निदान अर्धं.

झेरॉक्सवाली येऊन गेली. तिने ‘दुकान’ चिन्हावर उजवं बटण दाबून त्याच्या पोटातली फाईल उघडली. आत एकच ओळ, पण मालगाडीएवढी लांब. आधी ब्राउझर मशीनमध्ये कुठे ठेवलाय तो पत्ता, मग दोन आडव्या रेघा आणि एक इंग्रजी शब्द, पुन्हा दोन आडव्या रेघा आणि आणखी एक शब्द, आणि शेवटी त्या चार पानांचे पत्ते. आम्ही दोघी तोंड उघडं टाकून बघत बसलो. मग तिने विचारलं, याचा कुठे कागद नाही का? आणि काखेत कळसा म्हणतात तसा कागद माझ्याच टेबलाच्या खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला निघाला. तुझं अक्षर. अकरा वर्षांत चिकटपट्टी पिवळी पडलीय, पण लागतंय.

कागदावर तू एकेका शब्दाचं काम लिहून ठेवलंयस. हा शब्द लिहिला की खिडकी पडदाभर मोठी उघडेल. हा लिहिला की ब्राउझर सुरुवातीचे फालतू प्रश्न विचारणार नाही. शब्दाआधीच्या दोन रेघांमध्ये जागा सोडू नये. आणि मग ‘यूझर एजंट’ म्हणून एक: ‘आपण कोण आहोत हे ब्राउझर प्रत्येक साइटला आपणहून सांगतो. ती ओळख इथे अवतरणचिन्हांत बदलता येते. इंग्रजी लिपीत काहीही लिहावं. साइट चालवणाऱ्याला ते त्याच्या नोंदीत दिसतं.’ सगळ्यात खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित: ‘आधी सगळ्या खिडक्या बंद करा. ब्राउझर आधीच चालू असेल तर या ओळीतलं काही वाचलं जात नाही. फक्त पानं उघडतात.’

तेव्हा कुठे उजेड पडला. सकाळी मी आल्या आल्या ‘दुकान’ दाबायचे, तेव्हा ओळ वाचली जायची आणि कार्यालयाचं पान नाक मुरडायचं. दुपारी ब्राउझर आधीच उघडा असायचा, ओळ कोणी वाचायचंच नाही, आणि पान मुकाट्याने चालायचं. म्हणजे माझं नशीब खिडकीवर होतं.

मग नाक मुरडण्याचं कारण बघितलं. त्या ओळखीच्या जागी, अवतरणचिन्हांत, इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत लिहिलं होतं: डोकं जड आहे. उद्या सविस्तर.

दादा, मी तिथेच रडायला लागले. बाबांच्या डोक्यात त्या दिवशी गोंधळ सुरू झाला असणार, त्यांनी कुठल्या तरी चिठ्ठीतलं भलत्याच ठिकाणी टाइप केलं असणार, आणि शेजारी कोणाच्या लक्षात आलं नाही. झेरॉक्सवालीने मला पाणी दिलं. मग मी ते वाक्य पुसलं. त्याबरोबर ते चौथं पांढरं पानही काढून टाकलं, कारण त्याचा कोणाला काय उपयोग? आता ‘दुकान’ दाबलं की तीन पानं येतात आणि तिन्ही चालतात. काट्यांची वेळ मिळाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, तो तुला कळवावा म्हणून हे पत्र.

बाबांचं दहाचं बोट आपटणं मात्र वाढलंय. शिवाय दुकानाच्या नंबरवर कोणीतरी फोन करतंय आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतंय. तीनदा झालं. या गावात माझ्याशी न बोलता फोन ठेवण्याइतकं माझं कोणी ओळखीचं उरलेलं नाही. आपल्याकडे सध्या सगळेच मुके झालेत.

टिटवी

२० फेब्रुवारी

दादा,

मी काहीतरी भयंकर करून बसले आहे असं मला वाटतंय. की नाही? तू वाच आणि तूच सांग, कारण मला आता कशावरच भरवसा राहिलेला नाही.

शनिवारी मी बाबांना दुकानात नेलं. म्हटलं, निदान जागा बदलेल. चाकांच्या खुर्चीतून टेबलापाशी बसवलं आणि दहा वाजता त्यांच्यासमोर मोठ्या ऐटीत ‘दुकान’ दाबलं. तीन पानं आली. बाबा बघत राहिले. मग डावा हात पुढे करून चौथ्या पानाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, ते पान नकोच होतं बाबा, काढलं मी. त्यांनी टेबलावर एवढ्या जोरात मूठ आपटली की मापाची वजनं डब्यात वाजली. आणि मग रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलेलं नाही.

फिटरकाका हातातला काटा खाली ठेवून आले आणि म्हणाले, “अगं, ते त्यांचं सकाळचं काम होतं.” मी विचारलं कसलं काम. मग तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. बाबा रोज दहा वाजता दुकानातलं तापमान बघून कामांच्या वहीत लिहायचे, तेवढं तुलाही माहीत आहे, तापमानावर काटा हलतो म्हणून. त्याखाली पेन्सिलीने काहीतरी लिहायचे. मग एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप करायचे, दहा मिनिटं लागायची. मग ‘दुकान’ दाबायचे, चौथ्या पानाकडे मिनिटभर बघायचे आणि सगळं बंद करायचे. त्यानंतर खरं काम करायला साध्या चिन्हावरून ब्राउझर नव्याने उघडायचे. काकांना वाटायचं मशीन गरम करायला लागत असेल.

मी घरी येऊन तुझा कागद पुन्हा वाचला. चौथ्या पानाचा पत्ता तुझ्या अक्षरात आहे, पुढे लिहिलंयस, ‘चाचणीसाठी, माझं पान’. पत्ता सगळा इंग्रजी अक्षरांत सलग, म्हणून आधी डोळ्यांना दिसलाच नव्हता, पण त्यात ‘भोवरा’ आहे. तुला भोवरा म्हणणारी माणसं जगात तीनच होती आणि त्यातली एक आता नाही.

म्हणजे साइट चालवणारा तू. म्हणजे नोंदीत दिसतं ते तुला. म्हणजे बाबा रोज दहा वाजता तुला एक वाक्य पाठवत होते, ब्राउझरच्या ओळखीच्या जागी लिहून. हे मी इथे इतकं सरळ लिहिते आहे, पण मला ते पटत नाहीये. ज्या माणसाने अकरा वर्षं घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही तो हे करेल? आणि तू ते वाचत होतास का? की तू ते पान विसरूनही गेला आहेस, आणि ते बिचारं आपलं येईल त्याला ‘पोहोचलं’ म्हणतंय? मला फक्त हो किंवा नाही कळव. बाबांना तोंडाने विचारता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी विचारते आहे. त्यांचा सगळा जीव त्यात अडकलाय हे मी डोळ्यांनी बघितलं.

पत्ता मी परत घातला आहे. ओळखीची जागा रिकामी ठेवली. माझं वाक्य लिहू का विचारलं, तर त्यांनी मान हलवली. नको.

आता एवढं लिहिलंच आहे तर दुसरंही सांगते. धान्यवाल्या काकांच्या काट्याची तक्रार तू केलीस हे बाबांना मी सांगितलं. तू फक्त मला विश्वासात घेतलं होतंस. बाबांनी मित्राचा काटा न बघता त्यावर सही केली होती, गिऱ्हाइकांना माल कमी जात होता, तू कार्यालयाला निनावी लिहिलंस, बाबांचा परवाना वर्षभर बंद राहिला. इथवर तुझंच बरोबर होतं. पण बाबांना वाटलं हे फिटरकाकांनी केलं. परवाना गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते त्यांना कामावरून काढणार होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला राहवलं नाही, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या संध्याकाळी तुमचं दोघांचं वाजलं आणि तू घर सोडून गेलास. मी तुला म्हटलं, त्यांना कसं कळलं कोणास ठाऊक. मला ठाऊक होतं.

आता तू उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल.

टिटवी

६ मार्च

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पाकीट कसलं, गठ्ठाच. एकशे शहात्तर छापील पानं आणि वर अर्धा कागद. तो अर्धा कागद मी इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय, तरी पुन्हा इथे उतरवते, कारण त्यातलं एक वाक्य मला तुला परत दाखवायचं आहे.

“टिटवे, घर बदललंय. तुझी तिन्ही पत्रं जुन्या शेजाऱ्याने काल एकदम दिली. हो, वाचत होतो. रोज. बारा तारखेनंतर पंधरा दिवस काही आलं नाही, मग रोज भलत्या वेळी तेच ते, उद्या सविस्तर. शेवटी तेही थांबलं. दुकानात फोन केला, तुझा आवाज आला आणि पुढे विचारायचं धैर्य झालं नाही. मी कधी उत्तर दिलं नाही, कारण मी वाचतोय हे त्यांना कळलं तर ते लिहायचे थांबतील असं वाटलं. त्यांनी मला कधी घरी ये म्हटलं नाही, म्हणून मीही आलो नाही. हे सगळं त्यांचं आहे, त्यांना वाचून दाखव.”

फोन नंबर द्यायचं तुला सुचलं नाही. बरं, राहू दे.

मी पाच दिवस वाचून दाखवते आहे. पहिली ओळ नऊ वर्षांपूर्वीची: ‘ऐकू येतं का’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी: ‘बहुतेक नाही. असो. आज मोठा काटा आला, दोन माणसांनी उचलला.’ आणि मग सुरूच. गुडघा. फिटरचा चष्मा हरवला, सापडला, खिशातच होता. धाकटीला मुलगी झाली, वजन दोन किलो आठशे, काटा मी तपासलेला नव्हता. ऐकताना बाबा डोळे मिटून घेतात आणि मधूनच त्यांचा ओठ हलतो, पुढची ओळ त्यांना आधीच आठवते. दादा, हेच सगळं सुट्या भागांच्या कंपनीला आणि पार्सलवाल्यांनाही गेलंय. बाबांचा गुडघा कुठे कुठे नोंदला गेलाय याचा विचार करून मी एकटीच हसते.

आणि मग मला माझं सापडलं. नऊ वर्षांपूर्वीचंच, दुसऱ्या महिन्यातलं. ‘धाकटीने सांगितलं होतं मला. तिचा दोष नाही, मी फिटरला काढणार होतो. तिच्यावर राग धरू नको.’ म्हणजे जे मी इतकी वर्षं पोटात ठेवून बसले ते तुला कधीचंच माहीत होतं. मला आधी हायसं वाटलं आणि मग तुम्हा दोघांचा एवढा राग आला की चहा तसाच गार झाला. तुम्ही एका माळेचे मणी. एकमेकांना सगळं कळतं, आणि दोघंही बसले आहेत दुसरा काय म्हणतो त्याची वाट बघत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काल रविवार, म्हणून फिटरकाका घरी आले होते. त्यांच्या डोक्यात आलं की तुझे कागद बाबांच्या पेन्सिलीच्या ओळींशी जुळवून बघावे. काटा तपासताना एक वाचतो आणि दुसरा खूण करतो, तसं. मी तुझे कागद वाचत होते, ते वहीत खूण करत होते. दुपारपर्यंत सगळं बरोबर. आणि चार वर्षांपूर्वीच्या सतरा जुलैपाशी मी अडखळले. तुझ्या कागदावर त्या दिवशी बाबांचं वाक्य नव्हतं. भेट नोंदलेली, वेळ दहा वाजून बारा मिनिटं, पण ओळखीच्या जागी ब्राउझरचं स्वतःचं नाव, आकडे आणि कंस असलेलं लांबच लांब, सगळ्यांचं असतं तसं. मी म्हटलं, काका, या दिवशी बाबांनी काही लिहिलेलं दिसत नाही.

काकांनी पेन खाली ठेवलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

‘सव्वीस अंश. चूक माझी होती. न बघता सही केली. तू बरोबर होतास. घरी ये.’

त्याच पानावर खाली कामांच्या यादीत काकांच्या अक्षरात आहे: अधिकाऱ्यांची वेळ बदलून घेतली, साडेनऊ. दादा, त्या दिवशी काकांनी सकाळी ब्राउझर आधीच उघडला होता आणि खिडकी खाली सारून ते कामाला लागले होते. बाबांनी ओळ लिहिली, ‘दुकान’ दाबलं, पण ब्राउझर चालू होता. ओळ वाचलीच गेली नाही. नुसती पानं उघडली. आणि चौथ्या पानावर बाबांना काय दिसलं असेल ते तुला सांगायला नको. पोहोचलं.

त्यानंतर वहीत एक्केचाळीस दिवस पेन्सिलीचं अक्षर नाही, नुसतं तापमान. तुझ्या कागदावरही तेच आकडे. पंचवीस. सव्वीस. पंचवीस. तुला वाटलं असेल म्हातारा कोरडा झाला. ते एक्केचाळीस दिवस उत्तराची वाट बघत होते. बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा गुडघा सुरू झाला.

काका भिंतीला टेकून खालीच बसले. मी बाबांकडे गेले, शेजारी बसले आणि त्यांना सरळ सांगितलं, की बाबा, सतरा जुलैचं त्याला मिळालंच नाही. त्याने नाही म्हटलं नव्हतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं त्यांना कळलं नसेल. मग त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. ते हसणं होतं की रडणं, मला खरंच सांगता येणार नाही. त्यांनी माझं मनगट धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

तुझ्या चिठ्ठीतलं ते वाक्य आता पुन्हा वाच. घरी ये म्हटलं नाही, असं तू लिहिलंयस. म्हटलं होतं.

टिटवी

९ मार्च

दादा,

सहा तारखेचं पत्र अजून माझ्याकडेच आहे, त्याच्याच पाकिटात हे घालते. टाकायला निघाले होते, पण बाबांनी हात धरला. आधी मला करू दे, असं त्यांना म्हणायचं होतं. हे समजायला मला अर्धा तास लागला, पण समजलं. मी आता त्यात बरी तयार झाले आहे.

काल त्यांना दुकानात नेलं. कोणालाही काही उघडू दिलं नाही. फिटरकाका तर माऊसपासून दोन हात लांब उभे होते, हात पाठीमागे बांधून. मी मशीन नव्याने सुरू केलं, फाईल उघडली, कर्सर अवतरणचिन्हांच्या मधे ठेवला आणि वही सतरा जुलैच्या पानावर उघडून शेजारी उभी केली. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने बघून बघून एकेक अक्षर दाबत होते. चुकलं की थांबायचे आणि मी पुसायचे. मी एक अक्षर आपणहून दाबायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. ‘चूक माझी होती’ एवढ्याला पाऊण तास लागला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला. मी म्हटलं, पुढचं राहिलं बाबा. त्यांनी मान हलवली आणि ‘दुकान’कडे बोट केलं. तेवढंच पाठवलं.

मी रात्रभर तळमळले. मला कळेना, दमले की मनच बदललं? मधलं वाक्य, तू बरोबर होतास ते, त्यांना आता म्हणायचं नसेल का? आणि शेवटचं? विचारलं तर नुसते भिंतीकडे बघत होते. एवढ्या वर्षांनी माणसाला दोन शब्द लिहायचे असतात आणि तो अर्ध्यातच हात काढून घेतो, याला काय म्हणायचं? माझा धीर सुटला होता. म्हटलं, काही झालं तरी उद्या ते दोन शब्द मीच टाइप करून पाठवीन, त्यांच्या नावावर.

आज सकाळी साडेआठलाच ते उठून बसले आणि शर्टाकडे बोट केलं. दुकानात पोचल्यावर वहीकडे त्यांनी बघितलंही नाही. कालचं वाक्य पुसायला लावलं आणि न बघता, आपल्या मनाने, दोन शब्द टाइप केले. वीस मिनिटं. एकही अक्षर चुकलं नाही. दहा वाजून चार मिनिटांनी ‘दुकान’ त्यांनी स्वतः दाबलं.

पान आलं. पोहोचलं. पण त्या शब्दावर माझा आता काडीचा विश्वास नाही, म्हणून मी झेरॉक्सवालीला बोलावून दोनदा खात्री करून घेतली की ब्राउझर आधी बंद होता. बंद होता. शिवाय कार्यालयाच्या पानाने ‘हा ब्राउझर ओळखता येत नाही’ म्हणून ठणकावून सांगितलं. ते वाक्य वाचून मला एवढा आनंद आजवर कधी झाला नव्हता.

तेव्हा हे पाकीट आता टाकते आहे, तुझ्या नव्या पत्त्यावर. त्याला चार दिवस लागतील. बाबांचे दोन शब्द तू आज सकाळीच वाचले असशील. वाचून निघाला असशील तर हे पत्र तुझ्या बंद दाराच्या आत पडून राहील. राहू दे. ते कोणी वाचू नये असं मला मनापासून वाटतंय.

टिटवी